वेगळ्या शेगडीवरची करंडी

मित्रांनो, गणपतीत तुमच्या घरी मोदकपात्र चढते तेव्हा झाकणाच्या कडेने निघणारी वाफ तुम्ही पाहिली असेल. मी त्याच कुळातली आहे, पण पितळेची नाही, बांबूची. कलकत्त्याच्या एका चिनी चहाघरात राबलेली मी एक जुनी करंडी. आता माझ्या तळाची एक काडी तुटली आहे आणि काठाला तार गुंडाळून मला एकत्र धरले आहे. घरी कोणी आले की मला फडताळावर पाहून विचारते, "हे काय जपून ठेवलंय?" त्याचे उत्तर लांब आहे आणि माझ्या मालकीण कालिंदीबाई फारशा बोलत नाहीत. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म टिरेटी बाजाराजवळच्या एका गल्लीत, लाकडाच्या भुशात झाला. आ-फुक नावाचा एक चिनी सुतार तिथे साहेबलोकांसाठी कपाटे आणि टेबले करीत असे. करंड्या विणणे हे त्याच्या गावाकडचे काम, ते तो हौसेने करी. त्याने हिरवा बांबू उभा चिरला, पट्ट्या पाण्यात भिजवल्या आणि निखाऱ्यावर धरून हळूहळू वाकवल्या. घाईने वाकवला तर बांबू मोडतो. पट्टीची टोके एकमेकांवर आली की तो ती वेताने शिवून टाकी. तळाच्या काड्या त्याने बांबूच्याच खुंट्यांनी बसवल्या. माझ्या अंगात तेव्हा एकही खिळा नव्हता, कारण खिळा वाफेत गंजतो.

त्याच बांबूतून माझ्या बहिणी झाल्या. एकीवर एक ठेवल्या की आमच्या कडा अशा चपखल बसत की मधून वाफ निसटत नसे. आम्हाला घडवलेच होते तसे, एकीने दुसरीवर बसण्यासाठी. सर्वांत वर एक विणलेले झाकण. धातूच्या झाकणाला वाफ लागली की तिचे पाणी होऊन थेंब खाली पडतात आणि खालचा पदार्थ चिकट होतो. विणलेले झाकण ते पाणी स्वतः पिऊन टाकते. आ-फुकने आमची चळत खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या लियांगबाबूंच्या चहाघरात नेऊन ठेवली.

त्या चहाघराची सकाळ फार सुंदर असे. मोठ्या कढईत पाणी खळखळत असे आणि तिच्यावर करंड्यांची चळत उभी. लियांगबाबू गल्ल्याजवळ बसून चहाच्या किटल्या भरत. स्वयंपाक सगळा त्यांच्या पत्नीचा. पिठाची गोळी पालथ्या सुरीने दाबून त्या पातळ पारी करीत, मधे सारण ठेवीत आणि बोटांच्या टोकांनी कडेला चुण्या घालीत मिटवून टाकीत. वाफेतून बाहेर आली की ती पांढरी पारी काचेसारखी होई आणि आतला रंग बाहेरून दिसे. या खाण्याला ते लोक डिमसम म्हणतात. ते सावकाश खायचे असते. एक करंडी संपवायची, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, मग दुसरी मागवायची.

आमचा संच नवाकोरा होता, पहिली वाफही लागायची होती. अशात एका रविवारी आ-फुक दोन पाहुण्यांना घेऊन आला. एक उंच, चष्मा लावलेले मराठी गृहस्थ आणि त्यांची मुलगी. विनायकराव सरकारी हिशेब खात्यात मोठे अधिकारी होते, बदली होऊन कलकत्त्याला आले होते. त्यांची पत्नी नव्हती. मुलगी कालिंदी भवानीपूरच्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवी. आ-फुकने त्यांच्याकडे पुस्तकांचे कपाट बसवले होते आणि ते इतके आवडले होते की साहेबांनी त्याला घरी जेवायला बसवले होते. त्याची परतफेड म्हणून तो त्यांना इथे घेऊन आला होता.

"साब मांस नहीं खाता," आ-फुकने जाहीर केले. "मच्छी नहीं खाता. अंडा भी नहीं."

"तो खाता क्या है?" लियांगबाबूंनी विचारले.

"चावल. और हवा."

लियांगबाईंनी दोघांकडे नीट पाहिले आणि सुके मशरूम भिजत घातले. शिंगाडे सोलले, गाजर आणि बांबूचे कोवळे कोंब बारीक चिरले. मोदकाएवढ्या पुरचुंड्या तयार झाल्या. त्या कोऱ्या करंडीत ठेवायच्या म्हणून त्यांनी मला उचलले. आता मला चळतीत कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न उरला.

"वर ठेवू दे की," विनायकराव मुलीला म्हणाले. "सगळ्यांत वर. तिथे काय लागणार आहे?"

"बाबा, वाफ खालून वर येते. खालच्या सगळ्या मांसाच्या करंड्यांतून येणार ती."

"मग सगळ्यांत खाली."

"खाली ठेवली तर वरच्यांचं पाणी गळेल."

"मग मधे."

"मधे दोन्ही होईल."

विनायकरावांनी चष्मा काढून पुसला. "तुला फिजिक्स शिकवलं आणि तिथेच माझ्या जेवणाला मुकलो."

मग त्यांनी उठून लियांगबाईंना हातवारे करून सगळे समजावले. बोटे वर नेऊन वाफ दाखवली, बोटे खाली आणून थेंब दाखवले. लियांगबाई हसल्या. त्यांनी मागच्या खोलीतून एक छोटी कोळशाची शेगडी आणली, दाराजवळच्या कोपऱ्यात मांडली, तिच्यावर लहान कढई ठेवली आणि कढईवर मला एकटीला. माझ्या काठाला त्यांनी लाल दोरा बांधला, म्हणजे मी इतरांत मिसळणार नाही.

पहिली पुरचुंडी विनायकरावांनी चमच्यात घेतली आणि तिच्या चुण्या न्याहाळल्या. "अगं, हा मोदकाचा चुलतभाऊ. तुझ्या आईच्या हातच्या कळ्या अशाच पडायच्या." मग लियांगबाईंकडे वळून म्हणाले, "भाभी, हमारे यहाँ ऐसा देवता खाता है."

"देवता को बोलो, इधर आओ," लियांगबाई म्हणाल्या. "इधर गरम मिलेगा."

त्या दिवसापासून विनायकराव त्यांना मुलीशी बोलताना वहिनी म्हणू लागले आणि कालिंदी काकू म्हणू लागली. लियांगबाई कालिंदीला दिदीमणी म्हणत. बंगालीत शिक्षिकेला तसे म्हणतात.

मग प्रत्येक रविवारी ती दोघे येत. कालिंदी आतून सारण सांडू न देता नेमका अर्धा घास घेई. विनायकराव अख्खी पुरचुंडी तोंडात टाकत, तोंड भाजे, आणि ते डोळे मिटून हवा आत ओढत बसत. कालिंदी म्हणे, "दर रविवारी तेच करता." ते मान डोलावत आणि पुन्हा तेच करत. मला ते टेबल फार आवडे. मी त्यांची होते, आणि माझ्यातले कौतुकाने खाल्ले जात होते.

पण मित्रांनो, उरलेले सहा दिवस मी वेगळ्या फळीवर असे. समोर माझ्या बहिणी एकीवर एक बसलेल्या असत. एकीची वाफ दुसरीत जाई, सगळ्यांना एकच वास येई. त्यांना कोणी उचलले तर जोडीने, ठेवले तरी जोडीने. मला माझी शेगडी होती, माझी कढई होती, लाल दोरा होता. ज्याला वेगळे ठेवून जपतात त्याचा कोणी अपमान करत नाही. त्याला फक्त कोणी चिकटून बसत नाही. एकदा तरी त्या चळतीत बसावे, माझ्यावर कोणाचा तरी भार असावा, एवढीच माझी इच्छा होती.

एका वर्षी दुर्गापूजेच्या सुट्या झाल्या आणि कालिंदी एकटीच आली.

"साब?" लियांगबाईंनी विचारले.

"नहीं आएँगे," ती म्हणाली.

"बदली?" लियांगबाबूंनी गल्ल्याजवळून विचारले. सरकारी अधिकाऱ्यांची बदली होतच असते, हे त्या गल्लीला ठाऊक होते. आज इथे, उद्या मद्रास, परवा दिल्ली.

कालिंदीने चहाच्या पेल्याकडे पाहत मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला दुरून समजले नाही. लियांगबाबूंनी तो होकार समजला. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. आपल्या वाट्याचे खाऊन झाल्यावर तिने मला टेबलापलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे सरकवले आणि थोडा वेळ बसून राहिली. पुढच्या रविवारी तसेच. त्याच्या पुढच्याही. माझ्यातल्या उरलेल्या पुरचुंड्या निवत, त्यांची काचेसारखी पारी पुन्हा पांढरी आणि निबर होई. लियांगबाबू पत्नीला म्हणत, "कम खाती है. कम बनाओ." लियांगबाई पूर्वीइतक्याच करीत राहिल्या.

त्याच सुमारास त्यांच्यावरही एक संकट आले होते. त्यांचा मुलगा आ-वाह लग्न ठरवण्यासाठी कॅन्टनला गेला होता. मग चीनमध्ये राज्य बदलले आणि त्याची खबर येणे थांबले. लियांगबाई गिऱ्हाइकांपुढे कधी त्याचे नाव काढत नसत. पण त्यांच्या चुलीवर एक लहान देव्हारा होता, त्यात करुणेची देवी क्वान-यिन. एका सकाळी त्यांनी तिच्यापुढे उदबत्ती लावली आणि व्रत घेतले. चिनी महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपली प्रतिपदा आणि पौर्णिमा, या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही. मुलाची खबर येईपर्यंत.

लियांगबाबू कुरकुरले. आ-फुक तर दारातूनच ओरडायचा, "आज घास है क्या?"

"घास है. बैठो."

"मेरे को बकरा बना दिया," म्हणत तो बसायचा आणि दोन करंड्या संपवायचा.

हे दिवस पहिल्यांदा आडवारी आले, तेव्हा मी फळीवरच होते. मग उन्हाळ्यात एक पौर्णिमा रविवारी आली.

त्या सकाळी लियांगबाईंनी माझी शेगडी पेटवली नाही. त्यांनी मला भरले, क्षणभर हातात धरले आणि मग थेट मोठ्या कढईवरच्या चळतीत, मधोमध ठेवले. माझ्यावर दुसरी करंडी बसली, तिच्यावर तिसरी. मित्रांनो, ते मला सांगता येणार नाही. खालून माझ्या बहिणीची वाफ माझ्या तळातल्या फटींतून आत आली, माझ्यातून वर गेली. माझ्या कडा वरच्या करंडीच्या कडांना चिकटल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या अचूक बसल्या. लियांगबाई दाराकडे पाहत होत्या. दिदीमणी आली की तिला हे दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. आज सगळ्यांचे अन्न एक होते.

कालिंदी आली. तिने आधी कोपऱ्यात पाहिले, जिथे शेगडी थंड होती. मग चळतीत तिला लाल दोरा दिसला.

ती खुर्चीवर बसली खरी. लियांगबाईंनी स्वतः मला आणून तिच्यापुढे ठेवले आणि झाकण काढले. कालिंदीने माझ्याकडे पाहिले. हात मात्र मांडीवरच राहिले.

"काकू, आज भूख नहीं," ती हळू आवाजात म्हणाली.

"थोड़ा खाओ."

"नहीं. आज नहीं."

ती उठली, चहाचे पैसे ठेवले आणि गेली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर चार शब्द तरी झाले असते. तिने विचारले नाही की माझी करंडी तिथे का ठेवली. लियांगबाईंनी विचारले नाही की खात का नाहीस. लियांगबाई हातात फडके घेऊन दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावरून परत आल्या. दोघीही तशाच होत्या. मनातले बोलायचे म्हटले की दोघींनाही दुसऱ्याचे दार वाजवताना होतो तसा संकोच होई.

पुढच्या रविवारी लियांगबाईंनी पहाटेच माझी जुनी शेगडी पेटवली. निखारे फुलले, राख झाले, कोणी आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही पेटवली. मग पावसाळा लागला.

"वो नहीं आएगी," एके दिवशी लियांगबाबू म्हणाले. "डब्बा मेरे को दो. इधर कम पड़ता है."

"रहने दो."

"दूसरा मुलुक का आदमी है. उसका भी बदली हो गया होगा."

"रहने दो बोला ना."

आणि मी फळीवरच राहिले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी झाली, करंड्या खरेच कमी पडल्या, तरी त्यांनी मला हात लावला नाही. बांबूला वाफेची सवय झाली की कोरडेपणा सोसत नाही. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली आणि एका दुपारी माझ्या तळाची एक काडी टचकन तडकली. कोणाला ऐकू गेले नाही. मला वाटत होते, चूक माझी आहे. मी चळतीत बसण्याची इच्छा धरली आणि त्या टेबलावरची ती एकुलती एक बाई निघून गेली. आता मी चळतीतही नव्हते आणि टेबलावरही नव्हते.

मग एका सकाळी आ-फुक आला. बसला, पण चहा मागवला नाही. लियांगबाई पीठ मळत होत्या.

"दिदीमणी के घर गया था," तो म्हणाला. "बुलाया था. वो किताब वाला अलमारी वापस लेने को बोली."

"क्यों?" लियांगबाबूंनी विचारले.

"भाई के पास जाती है. नागपुर. सामान बाँधती है." त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साब का बदली नहीं हुआ. दीवार पर फोटो है. फोटो पर माला है."

लियांगबाईंचे हात पिठात थांबले.

"कब?"

"पिछला साल, पूजा में. जब अकेली आई ना, उसी टाइम. हम लोग बदली-बदली करता रहा."

मग लियांगबाबूंनी विचारले, "और इधर क्यों नहीं आती?"

"वो मैं नहीं पूछा. वो चाय दिया. मैं बोला, आज अच्छा चाय पीता है, कल तो पूनम, लियांग का दुकान में घास मिलेगा. तो वो कप नीचे रख दिया. पूछा, कैसा घास. मैं बोला, भाभी का कसम है, महीना में दो दिन मांस नहीं, पूरा चूल्हा साफ. पूछा, कब से. मैं बोला, जब से आ-वाह का खबर नहीं." आ-फुकने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "फिर बोली, मिस्त्री, उस दिन बत्तख नहीं टँगा था. मैंने देखा था. देख के भी सोचा नहीं."

खरेच, एरवी खिडकीत भाजलेली बदके टांगलेली असत, ती त्या रविवारी नव्हती. कढईला चरबीचा वास नव्हता. हे सगळे तिच्या डोळ्यांसमोर होते. पण तिने फक्त दोन गोष्टी पाहिल्या, थंड शेगडी आणि लाल दोरा. त्यांवरून तिने ठरवले की बाबा गेल्यावर आता या टेबलावरचा आपला नियमही कोणाला आठवत नाही.

"अलमारी लिया?" लियांगबाईंनी विचारले.

"नहीं. मैं बोला, मेरे को जगह नहीं. झूठ बोला."

लियांगबाईंनी हात धुतले. मला फळीवरून उतरवले आणि कोमट पाण्यात भिजत घातले. तडकलेल्या काडीवरून त्यांनी बोट फिरवले. उद्या ती येईल की गाडीत बसेल, हे कोणालाच माहीत नव्हते. पण पाण्यात पडल्या पडल्या माझे अंग सैल होऊ लागले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि शाळेचा वार होता. दुकान उघडून थोडा वेळ झाला असेल, दारात कालिंदी उभी राहिली. हातात छत्री, खांद्याला शाळेची पिशवी. ती आपल्या टेबलाकडे गेली नाही. सरळ कढईजवळ आली.

"काकू," ती म्हणाली, "आ-वाह कितने साल का है?"

लियांगबाईंनी तिच्याकडे पाहिले. "तेईस. अभी चौबीस होगा." मग म्हणाल्या, "साब को क्या हुआ था?"

"दिल का दौरा. दफ़्तर में. मुझे शाम को बताया."

"तुम बोली नहीं."

"आपने भी नहीं बोला."

"मैं समझा, बदली."

"मैंने समझने दिया," कालिंदी म्हणाली. "बदली अच्छा लगा सुनने में."

लियांगबाईंनी मला भरले. या वेळी त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि चळतीकडे बोट केले. कालिंदीने वरच्या करंड्या उचलून बाजूला ठेवल्या, मला मधे बसवले आणि पुन्हा एकेक करंडी माझ्यावर रचली. तिचे हात प्रयोगशाळेतल्यासारखे चालले होते, सावकाश आणि नेमके. कडा कडांवर बसल्या आहेत का, हे तिने बोटाने तपासले. त्या दिवशी ती लियांगबाईंबरोबर मागच्या गोल टेबलावर बसून जेवली. आ-फुक गवताबद्दल तक्रार करत होता आणि मधली पुरचुंडी उचलत होता. कालिंदीने मला रिकाम्या खुर्चीपुढे सरकवले नाही. तिथे खुर्ची रिकामी नव्हतीच. शाळेत ती उशिरा पोचली असणार.

नागपूरला ती गेली नाही. रविवारी माझी वेगळी शेगडी पेटे, आणि प्रतिपदा-पौर्णिमेला मी चळतीत बसे. माझ्या आयुष्यातली ती वर्षे चांगली होती. फार झाली नाहीत. आ-वाहची खबर आली नाही. एकदा कोणी सांगितले की त्याच्यासारखा मुलगा हाँगकाँगला दिसला. तेवढ्या आशेवर लियांगबाबूंनी चहाघर विकले. तिथे आता चपलांचे दुकान आहे. माझ्या बहिणी कोणी कुठे नेल्या, मला माहीत नाही.

हाँगकाँगला जायच्या आधी लियांगबाई मला घेऊन भवानीपूरला आल्या. कालिंदीच्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. फोटोसमोर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, मग मला टेबलावर ठेवले.

"उधर देवर का घर है. रसोई उसकी बहू का," त्या म्हणाल्या. "मैं उधर कसम कैसे चलाऊँगी? तुम चलाओ."

"काकू, मैं तो रोज़ ही मांस नहीं खाती. मैं क्या छोड़ूँ?"

लियांगबाईंनी त्या खोलीकडे पाहिले. एक टेबल, एक ताट पालथे घातलेले, एक पेला.

"अकेले खाना छोड़ो," त्या म्हणाल्या. "महीने में दो दिन."

मित्रांनो, मांस सोडणे त्या मानाने सोपे असावे. कालिंदीबाई महिन्यातून दोनदा पारी लाटतात, चुण्या घालतात, मला पाण्यावर ठेवतात आणि दोन ताटे मांडतात. पूर्वी आ-फुक जिना चढून यायचा. आता त्याचे गुडघे चालत नाहीत. कधी शाळेतल्या श्यामलाबाई येतात, पण त्यांना घरी चार माणसे आहेत. जेव्हा कोणी येत नाही तेव्हा कालिंदीबाई समोरच्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत जातात. तिथे बराकपूरहून नवे बंगाली जोडपे राहायला आले आहे. त्या हात वर करतात आणि दार न वाजवता परत येतात. मग त्या दिवशी त्या जेवत नाहीत. शब्द दिला आहे, तो त्या पाळतात. मी रिकाम्या खोलीत वाफ सोडत राहते, पाणी आटते, पारी पांढरी होते. माझी ती तडकलेली काडी अशाच एका संध्याकाळी शेवटी तुटली.

आज पौर्णिमा आहे. पाण्याला उकळी फुटली आहे. कालिंदीबाई आताच पदराला हात पुसून बाहेर गेल्या आहेत. समोरच्या दारापाशी पावले थांबली. बराच वेळ काही नाही. आणि आता कडी वाजली, दोनदा. आतून एका बाईने विचारले, "के?" म्हणजे कोण. त्यांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. वाफेचा आवाज मोठा आहे.

माझे वय झाले आहे, म्हणून तुम्हाला दोन गोष्टी मागते. बांबूची वस्तू घरात असेल तर तिला नुसती जपून ठेवू नका, अधूनमधून वाफ दाखवा, नाहीतर ती तडकते. आणि कोणी तुमच्या ताटावरून न जेवता उठले, तर उंबऱ्यावरून परत फिरू नका, मागे जाऊन विचारा. कोणी कधी तुमचे दार वाजवून म्हणाले की आमच्याकडे थोडे गरम आहे, या, तर पोट भरलेले असले तरी जा.